आरंभ मंडळ

आरंभ मंडळाला चार वर्षं झाली आणि देवाने अजून साधं गवतसुद्धा उगववलं नव्हतं. दर रविवारी प्रार्थना उरकली की चर्चच्या मागच्या खोलीत पाच बाप्ये जमत, बायबलचं पहिलं पान उघडत आणि त्याचा कीस पाडत. मंडळाचा नियम एकच: पाचही जणांनी 'पटलं' म्हटल्याशिवाय पुढच्या वचनाला हात लावायचा नाही. हा नियम काढला होता निवृत्त जज्जसाहेबांनी. जन्मभर तारखा देत आलेला माणूस दुसरं काय काढणार?

मंडळाचा चिटणीस होता सूनबाईचा नवरा. विमा कंपनीत बसून लोकांच्या दाव्यांतली खोट शोधायची, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. देवाच्या बोलण्यातही काही सापडतं का, ते तो रविवारी बघे. सूनबाईचं मत कधी कोणी विचारलं नाही, पण चहा तिच्या हातचा असे, त्यामुळे मत बनवायला तिला भरपूर वेळ मिळाला होता. सगळं जग सहा दिवसांत उरकलं, कारण देवाने कोणाची बैठक बोलावली नाही, असं ते मत होतं.

सासूबाईंचे डोळे गेल्या वर्षी पुरते गेले. तेव्हापासून सूनबाई त्यांना रोज सकाळी वाचून दाखवी, आणि वाचून झालं की दोघी बसून अख्ख्या चर्चची टवाळी करत. फक्त ते पहिलं पान सासूबाईंनी लेकासाठी राखून ठेवलं होतं. त्याच पानावर बोट ठेवून त्यांनी त्याला वाचायला शिकवलं होतं. आता त्याने शेजारी बसावं आणि देव विसावा घेतो तिथपर्यंत वाचावं, एवढीच त्यांची इच्छा. दहा मिनिटांचं काम. पण लेक म्हणे, अर्धवट कळलेलं आईला वाचून दाखवणं म्हणजे तिची फसवणूक. उजेडाचं एकदा मिटू दे, मग वाचतो.

उजेडाचं घोडं असं अडलं होतं: उजेड झाला पहिल्या दिवशी आणि सूर्य झाला चौथ्या, तर मधले दिवस उजाडलं कशाने? भूगोलाचे मास्तर म्हणत, दिवस म्हणजे युग. औषधांचा दुकानदार म्हणे, उजेड म्हणजे ज्ञान, आणि हे सांगताना ते आपल्याकडे शिल्लक असल्यासारखा बघे. फर्निचरवाला शेवटी जो बोलला त्याची री ओढी. जज्जसाहेब सगळ्यांचं ऐकून घेत आणि नकाराची मान हलवत. एकदा का पटलं की आपल्याला कोण विचारतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

अशात नणंद आली. आईची इथे आबाळ होते, मी घेऊन जाते, म्हणाली. सूनबाईला ते झोंबलं, पण भांडायला तोंड उघडलं तर रडू येईल म्हणून ती चहा टाकायला उठली. घरात बोलण्यासारखं माणूस एकच, आणि तेच निघालं होतं. सासूबाईंनी मात्र सरळ सांगितलं, रविवारी दुपारी गाडी येईल, तोवर त्याने वाचलं तर राहते, नाही तर जाते.

सूनबाईने हे नवऱ्याच्या कानावर घातलं. त्याचे डोळे भरून आले. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत होता, आणि सकाळी त्याने जे केलं ते फक्त त्यालाच सुचू शकतं. त्याने रविवारची बैठक आईच्या खोलीत भरवली. म्हणजे उजेडाचं तिथेच मिटेल आणि मग स्वच्छ मनाने वाचता येईल.

जज्जसाहेबांनी खोलीतली एकुलती एक खुर्ची धरली. बाकीचे पलंगावर टेकले, आणि सासूबाई प्रवासाचे कपडे घालून पलंगाच्याच कोपऱ्यात भिंतीशी अंग चोरून बसल्या. लेकाने पुस्तक उघडलं. सुरुवातीचं आकाश आणि पृथ्वी झाली, मग तो अंधार आणि ते पाणी. सासूबाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. सूनबाईला वाटलं, आज हा माणूस तरून गेला.

"हरकत," जज्जसाहेब म्हणाले.

झालं. उजेडाची ओळ आली होती आणि पाचांची तोंडं सुटली. लेकाने ओळीवर बोट ठेवलं आणि तो मंडळाकडे वळला. त्याच्या पाठीमागे सासूबाई उठल्या, सुनेचा हात चाचपून धरला आणि बॅग कुठे आहे ते हळूच विचारलं. कोणी पाय आखडून त्यांना वाट करून दिली, पण मान वळवून बघितलं नाही.

टॅक्सीत बसवताना सूनबाईचा बांध फुटला.

"तू कशाला रडतेस?" सासूबाई म्हणाल्या. "राहायचं तुला आहे त्याच्याजवळ."

मग त्यांनी ड्रायव्हरला जरा थांबायला सांगितलं. नणंद चिडली, तरी त्या सुनेला म्हणाल्या, "एकदा सांगून बघ. पुस्तक घेऊन खाली ये म्हणावं. गाडीत बसून वाचलं तरी चालेल मला."

सूनबाई धापा टाकत जिना चढली. सासूबाईंच्या उशीवर फर्निचरवाला कोपर टेकून आडवा झाला होता. नवऱ्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. चौघांना पटलं, आता जज्जसाहेबांचं तेवढं राहिलंय, आईला म्हणावं बस जरा, असं तो सांगू लागला.

"अहो, आई खाली गाडीत आहेत," ती म्हणाली. "तुमच्यासाठी थांबल्यात. पुस्तक घ्या आणि चला."

त्याने पलंगाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. तो ताडकन उठला, पुस्तक छातीशी धरून दाराशी आला, चपला पायात सरकवल्या. या माणसाबद्दल तिच्या मनात जे काही उरलंसुरलं होतं ते सगळं त्या क्षणी तिच्या डोळ्यांत आलं.

"चिटणीस उठले तर कोरम मोडतो," जज्जसाहेब चष्मा पुसत म्हणाले. "मग उजेड पुन्हा पहिल्यापासून."

खाली हॉर्न वाजला. त्याने जिन्याकडे पाहिलं, जज्जसाहेबांकडे पाहिलं.

"दोनच मिनिटं सांग," तो बायकोला म्हणाला, आणि चपला काढून आत जाऊन बसला.