वरून दिसलेला तांडा

तुम्ही खोटं बोललात, साहेब. शहराचा नकाशा भिंतीवर टांगलात आणि आर्णी रोडच्या कडेला जिथं आमचा तांडा आहे तिथं हिरवा रंग मारून 'मोकळी जागा' लिहिलंत. त्या हिरव्यातून नवा रस्ता काढलात. तो नंदाबाईच्या घरावरून जातो. नंदाबाई माझी काकू. ती तुमच्या टेबलापुढं उभी राहून म्हणाली, "साहेब, मी त राह्यतो तिथं." तुम्ही म्हणालात, "नकाशात दाखव."

म्हणून आम्हीच नकाशा काढायला घेतला. ड्रोनचं भाडं झेपणारं नव्हतं. काकूची पोरगी रंजिता यवतमाळला कॉलेजात आहे. तिला ठाऊक होतं, मोठ्या पतंगाला मोबाईल टांगला की तो वरून फोटो काढतो आणि ते फोटो जोडले की नकाशा होतो. तांड्यातल्या खेमसिंगकाकांनी बांबूच्या कामट्या तासून काळी प्लॅस्टिकची पन्नी ताणली. पतंग दारापेक्षा मोठा झाला. मोबाईल कापलेल्या बाटलीत बसवला, आपोआप फोटो काढत राहील असा.

"काका, मोबाईल पडला त?" मी विचारलं.

"तुह्या डोक्यावर पडू दे. नरम हाये."

पतंग गेला, फोटो आले, आणि रंजितानं कपाळाला हात लावला. फोटो निघणार म्हणून बायांनी अख्खा तांडा आवरून ठेवला होता! खाटा-बाजा आत, कपडे आत, शेळ्या रानात, पोरं न्हाऊ घालून घरात कोंडलेली. वरून नुसती छपरांची टिनं दिसत होती, बंद पडलेल्या गोदामासारखी.

ती आईला म्हणाली, "याडी, हे काय करून ठेवलं? साहेब म्हणन, इथं कोणी राह्यतच नाही."

"मंग काय जगाले पसारा दाखवू?" काकू लेकीवर भडकली.

"पसाराच दाखव, माय!"

दुसऱ्या दिवशी कोणी काही उचललं नाही. वारा चांगला होता. पतंग पार ठिपका झाला, दोरी हातात गुणगुणत राहिली.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर रंजितानं जोडलेलं चित्र लॅपटॉपवर उघडलं आणि सगळे भोवती गोळा झाले. आम्ही तिथंच जन्मलो, पण तांडा कधी पाहिलाच नव्हता. वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल चौकोन. हापशीपासून दारोदार फुटलेल्या पायवाटा, पानाच्या शिरांसारख्या. आणि घरं? सगळी गोलात उभी. मधात मोकळं अंगण.

खेमसिंगकाका पुढं सरकले. "आपले आजे-पणजे बैलावर धान्य लादून फिरत. मुक्कामाले गोण्या अशाच गोल रचत. मधात बैलं, लेकरं."

"घरं बांधतानी कोणी सांगतलं होतं काय तसं?" मी विचारलं.

"कोणीच नाही रे." त्यांनी त्या चित्राला हात जोडले.

काकूनं एका टिनावरच्या धुरावर बोट ठेवलं. "हे मी व्हय. भाकर टाकून राह्यलो होतो."

तेच चित्र छापून तुमच्याकडं आणलं. तुम्ही चष्मा काढून वाकलात, बराच वेळ वाकून राहिलात. मग सावरून म्हणालात, "पतंगाचे फोटो चालत नाहीत. सरकारी हवाई मोजणीचेच लागतात."

का चालत नाहीत? सरकारी विमान उडेपर्यंत माणसानं दिसायचं नाही काय? नंदाबाईचं घर तुम्हाला दिसलं की नाही? दिसलं असेल तर रस्ता सरकवता की तिच्या घरावर घालता? तोंडी नको. लिहून द्या. आम्ही बाहेर बाकावर बसलो आहोत.