न दुखलेला फोड

फिटरच्या पायाला भिंगरी होती. छापखान्यांची यंत्रं बसवायला वर्षातले सात-आठ महिने बाहेरच. या खेपेला निघण्याआधी कंपनीच्या नर्सबाईंनी तापाच्या गोळ्या, पट्ट्या आणि निरोधची पाकिटं हातात ठेवली.

"घरी बायको आहे मला," तो हसत म्हणाला.

"म्हणूनच देतेय. आणि काही झालंच, तर तपासून घ्या. लाजू नका."

पाकिटं त्याने टेबलावरच ठेवली.

तीन महिन्यांच्या कामात एका सुट्टीला, ओळखीच्या झालेल्या एका बाईच्या खोलीवर व्हायचं ते झालं. पुढे तीनेक आठवड्यांनी नको त्या जागी फोड आला. दुखेना, खाजेना. त्याच आठवड्यात बायकोचा फोन आला. नऊ वर्षांनी तिला दिवस राहिले होते. आता कुठे डॉक्टरला तोंड दाखवायचं? महिन्याभरात फोड आपोआप गेला. टळली पीडा, म्हणत तो घरी परतला. बायको शिवणाचे वर्ग घेऊन झाले की एकेक झबलं शिवत बसायची. तो शेजारी बसून गुंड्या निवडून द्यायचा.

सातव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती. रडलीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोघांचं रक्त तपासलं आणि समोर बसवलं. "सिफिलिस आहे. हिच्या पहिल्या तपासणीत नव्हता, म्हणजे मधे झालाय. फोड बरा झाला तरी आजार अंगात राहतो. वेळेत इंजेक्शन मिळालं असतं, तर बहुधा बाळ वाचलं असतं."

घरी आल्यावर तिने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"बरा झाला असं वाटलं."

"सांगायचं होतंत. मी रागावले असते. फार तर माहेरी निघून गेले असते. पण ती असती."



औषधाने दोघं बरी झाली. त्याने फिरती सोडून कारखान्यात काम मागून घेतलं. वेळेवर घरी येऊ लागला, भांडी घासू लागला, कपडे वाळत घालू लागला. ती विचारलं तेवढंच बोलायची.

एके दिवशी ताट वाढताना तिने विचारलं, "बाहेरगावचं काम कधी निघेल?"

"सोडलं ते. आता इथेच."

तिने पोळी त्याच्या ताटात ठेवली.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही घरात असलात की मला रडता येत नाही."