गल्लीच्या पाण्याची चावी

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे, पण तिजोरीची नव्हे. हातभर लांब लोखंडी दांडा आणि वर आडवी मूठ, असं माझं रूप. बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्याच्या एका चढाच्या गल्लीत मी नळाचे व्हॉल्व्ह फिरवते. लोहारानं मला ठोकून घडवलं आणि गल्लीनं सगळ्यांदेखत भाईदासच्या हाती दिलं. त्या दिवशी मला भारी ऐट आली होती.

भाईदास नेकीचा माणूस. आधी वरचा व्हॉल्व्ह उघडायचा, गोदाबाईचे हंडे भरले की मगच खालचा. गोदाबाई एकटी, गुडघ्यांनी अधू, आणि घर सगळ्यात वर. खालचा आधी उघडला तर तिच्या नळाला थेंब येत नाही. कुणी "भाईदासचं पाणी" म्हटलं की तो म्हणे, "गल्लीचं हो, मी नुसता फिरवणारा."

मग त्याच्या मुलीचं, तृप्तीचं लग्न निघालं. घाईगर्दीत त्यानं मला शेजारच्या गिरधरकडे दिलं नि बजावलं, "आधी वरचा, गोदामावशीचे हंडे भरेपर्यंत." गिरधरला दुकान उघडायचं होतं. त्यानं मला गड्याकडे दिलं आणि एवढंच म्हणाला, "पानी छोड दे." शिकलेले लोक याला अधिकार सोपवणं म्हणतात. माझ्यादेखत तो अधिकार हातोहात झिजत गेला. गड्यानं बिचाऱ्यानं खालचा व्हॉल्व्ह उघडला. मला सगळं ठाऊक होतं, पण लोखंडाला तोंड कुठलं?

गोदाबाई कळशी घेऊन हातपंपावर गेली, शेवाळावरून घसरली आणि मनगट मोडून बसली.

लग्न आटोपल्यावर भाईदास लाडू घेऊन तिच्या दारी गेला. मी त्याच्या काखेत होते. प्लास्टरातला हात पाहून त्याचं तोंड उतरलं.

"मावशी, मी नव्हतो ना. गिरधरले सांगितलं व्हतं."

गोदाबाई शांतपणे म्हणाली, "चावी गल्लीनं तुले दिली व्हती, भाईदास. गिरधरले कोणी दिली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाईदासनं मला तिच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आता तुमच्याकडेच राहू द्या."

तेव्हापासून मी तिच्या खुंटीला असते. भाईदासला रोज चढ चढून मला मागायला यावं लागतं, आणि दारात उभं राहिलं की समोर तिचे रिकामे हंडे दिसतात.

मित्रांनो, कुणी विश्वासानं काही सोपवलं तर ते परस्पर दुसऱ्याच्या हाती टेकवू नका. नसेल जमत, तर ज्यानं दिलं त्याला आधी सांगा. गोदाबाई भाईदासला रोज चहा विचारते. तो "नको" म्हणतो. अजून त्याला तिच्याकडे बघवत नाही.