स्वप्नालीची फाईल

वैजिनाथअप्पांनी स्टीलची कळशी मांडीवर आडवी घेतली, भांड्यावर नाव घालायचं मशीन सुरू केलं आणि 'करि' एवढं काढून ते थांबले. गल्ल्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली त्यांची मुलगी शिवानी मान वर न करता म्हणाली होती,

"अप्पा, ह्या विम्याच्या फॉर्मात आजार विचारलेत."

मशीन हातात नुसतंच घुरघुरत राहिलं.

"कसले आजार?"

"आधीपासूनचे. बीपी, शुगर, दमा, फिट. प्रत्येकापुढं हो का नाही लिहायचं."

"सगळ्याला न्हाई लिही. धडधाकट माणसाला कावून विचारतेत असलं?"

एवढं बोलून त्यांनी उरलेलं 'ष्मा' काढायला घेतलं, पण मशीन असं काही घसरलं की काना थेट कळशीच्या गळ्यापर्यंत चढला. भांडी वत्सलाबाईंच्या नातीच्या, करिष्माच्या लग्नाची होती. वत्सलाबाई म्हणजे चौसाळ्यातली अर्धी लग्नं जुळवणाऱ्या आणि उरलेल्या अर्ध्यांत काय खोट आहे ते सांगणाऱ्या. हा काना त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हता. भांड्यावर एकदा घातलेलं नाव पुसता येत नाही, म्हणून अप्पा प्रत्येक गिऱ्हाईकाकडून नाव दोनदा म्हणवून घेत आणि मगच मशीनला हात लावत. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक वाटीही बिघडली नव्हती. आज कळशी बिघडली.

शिवानीला जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. गुरुवारी मुंबईत व्हिसाची अपॉइंटमेंट होती आणि त्या कागदांत विम्याचा कागद लागणार होता. बीडला परदेशी शिक्षणाचं ऑफिस चालवणाऱ्या अमरसिंहने दोन विम्यांची माहिती छापून दिली होती, एक निळ्या कागदावर, एक पांढऱ्या. अप्पांनी ती दोन्ही पत्रकं तीन दिवस वाचली, म्हणजे उलटीपालटी केली. कुकरचं गॅरंटी कार्ड गिऱ्हाईकाला घडाघडा समजावून सांगणारा हा माणूस, पण इथं सगळं डोक्यावरून जात होतं.

"पुन्हा एकदा सांग बरं. निळं कोणचं?"

"निळं खाजगी. हप्ता कमी, पण आजार विचारतेत. पांढरं तिथल्या सरकारी कायद्यातलं. हप्ता जास्त."

"मग असं करू. आधी निळं घेऊन बघू. न्हाई जमलं तर पांढरं घेऊ."

"तसं न्हाई होत. सुरुवातीला निळं घेतलं की शिक्षण संपेस्तोवर पांढऱ्यात येता येत न्हाई."

"आन् पांढऱ्यातून निळ्यात?"

"अप्पा, जर्मनीला मला जायचंय का तुमाला?"

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"अमरसिंह म्हणत होता, समदी पोरं निळंच घेतेत. प्रश्नांपुढं न्हाई-न्हाई लिहायचं अन् मोकळं व्हायचं."

"अन् नंतर खोटं निघालं तर? ते सरळ हात वर करतेत. दवाखान्यात पडलं तरी बिल आपलं आपण बघायचं."

हे सांगताना तिने पडद्यावरून नजर काढून बापाकडे पाहिलं. अप्पांनी कळशी खाली ठेवली आणि ती उगाचच फडक्याने पुसू लागले.

शिवानी नऊ वर्षांची असताना एका दुपारी शाळेतून आली आणि दुकानाच्या पायरीवरच कोसळली. दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी अप्पांनी आधी शटर अर्धं ओढलं आणि मग पोरीला उचलून आत घेतलं. त्या क्रमाची त्यांना आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तिला सोलापूरला नेलं, कारण बीडला ओळखी फार. तिथे खिडकीवरच्या बाईने पेशंटचं नाव विचारलं तेव्हा रांगेत बरोबर मागे पाटोद्याचा एक किराणावाला उभा होता, सोयरिकीतला. अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "स्वप्नाली." अख्ख्या भावकीत त्या नावाचं कुणी नव्हतं. आदल्या दिवशी एका हंड्यावर त्यांनी ते नाव घातलं होतं, एवढंच.

फिट येणाऱ्या मुलीला उद्या स्थळ कोण आणणार, हा एकच विचार तेव्हा डोक्यात होता, आणि तो चौदा वर्षं तिथून हलला नाही. फाईल स्वप्नालीची, चिठ्ठी स्वप्नालीची, रक्ताचे रिपोर्टही स्वप्नालीचे. डॉक्टर आपल्याला वेगळ्याच नावाने का हाक मारतात, असं शिवानीने लहानपणी विचारलं, तेव्हा त्यांना ते नाव फार आवडतं असं सांगून तिला गप्प केलं. आजाराचं तर तिला सांगितलंच नाही. रात्रीची गोळी म्हणजे अभ्यास लक्षात राहायची गोळी. शिवकांता, तिची आई, गोळ्या पाकिटातून सोडवून साध्या बाटलीत भरून द्यायची, लातूरच्या होस्टेलवर आणि पुढे पुण्यालाही. गोळीला गुण आला, फिट येणं थांबलं, पण डॉक्टरांनी गोळी सोडू नका म्हणून बजावलं होतं. पोरीने पुन्हा कधी काही विचारलं नाही, आणि आपली पोर भोळी आहे याचं नवरा-बायकोला बरंच वाटत आलं होतं.

आता फॉर्मवर 'हो' लिहावं तर आधी पोरीला सगळं सांगावं लागणार. मग अमरसिंहला कळणार, आणि त्याला कळलं की बीडपासून आष्टीपर्यंत कळणार. 'नाही' लिहावं आणि परक्या मुलखात, एकटीच्या खोलीत पोर पडली, तर दवाखान्यात तिच्या मागे उभं कोण राहणार? आपण पोरीसाठी घाबरलोय की लोकांना घाबरलोय, हे अप्पांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

"पांढऱ्यात काय काय विचारतेत गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काहीच न्हाई. विद्यार्थी हाय म्हणलं की घेतेत. आजार असू दे न्हाईतर नसू दे."

अप्पांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या दुकानात भांड्यांना काही तोटा नव्हता.

"मग पांढरंच घे की! सरकारी ते सरकारी. त्याच्यावाणी पक्कं काय न्हाई."

तापाने फणफणले तरी सरकारी दवाखान्याची पायरी न चढलेले अप्पा हे बोलत होते. शिवानीला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"तेच घेतलंय. परवाच भरला फॉर्म."

"मग तीन दिवसांपासून मला काय विचारायलीस?"

"बघत होते, तुमी आपणहून सांगता का."

"काय सांगू?"

तिने लॅपटॉप मिटला. जवळची एक वाटी उचलून तिच्यावरचं नाव वाचलं आणि वाटी परत जागेवर ठेवली.

"विमेवाले न्हाई विचारत अप्पा, पण तिथला डॉक्टर विचारंल. गोळ्या सोबत न्यायच्या तर डॉक्टरची चिठ्ठी लागंल, पासपोर्टवर नाव हाय त्या नावाची. ती स्वप्नालीची फाईल कुठं ठेवलीय तुमी?"

बाहेर हायवेवर एक एसटी थांबली, माणसं उतरली, एसटी गेली. अप्पांना त्यातलं काही ऐकू आलं नाही.

"कधी कळलं तुला?"

"अकरावीत. लातूरला एका मेडिकलवाल्याला बाटलीतली गोळी दाखवली. त्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं."

"बोलली न्हाईस कधी."

"तुमी अन् आई एवढं जपत होता. मला कळलंय हे तुमाला कळलं असतं, तर तुमाला लई लागलं असतं."

म्हणजे सहा-सात वर्षं एकाच घरातले तिघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. अकरावीतली पोर, होस्टेलची खोली, हातात ती बाटली, आणि रात्री फोनवर आईने विचारलं की म्हणायचं, हो, घेतली अभ्यासाची गोळी. पोर भोळी नव्हती. पोर आईबापाला सांभाळत होती. अप्पांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण ते उठले आणि स्टूल ओढून माळ्याखाली घेऊन गेले.

माळ्यावर कोपऱ्यात एक तांब्याचं घंगाळ होतं, न विकलेलं, किंवा अप्पांनी विकू न दिलेलं. त्यातून त्यांनी फाईल काढली, झटकली आणि गल्ल्यावर ठेवली.

"द्या, मी उद्या जाऊन येते सोलापूरला," शिवानी म्हणाली. "डॉक्टरांना नीट सांगते."

"एकटी कावून? मी गेलतो तवा, मीच घातलंय हे नाव." त्यांनी फाईलवरचा नंबर बघत मोबाईल काढला. "आधी इचारून घेऊ, काय काय लागतंय."

नंबर लागायच्या आतच वत्सलाबाई पायरी चढून आत आल्या. स्टुलावर टेकल्या, पदराने वारा घेतला आणि समोरची कळशी उचलून मांडीवर घेतली.

"वैजिनाथ, हा काना कुठं चाललाय रे वर? अन् पोरगी जर्मनीला चालली म्हणं. तिच्यासाठी बी एक स्थळ हाय माझ्या नजरंत, मुद्दाम सांगायला आले."

शिवानीने अप्पांच्या हातातल्या फोनकडे बघून हळूच मान हलवली. नंतर करा. तिकडे तोवर फोन उचलला गेला होता. अप्पांचा अंगठा लाल बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी फोन कानाला लावला.

"पेशंटचं नाव?" तिकडून आवाज आला.

"फाईलवर स्वप्नाली हाय. पण ते चुकलंय. बदलून पाहिजे."

"लग्नानंतरचं नाव लावायचंय का?"

"न्हाई. पहिल्यापासूनच चुकलंय. मीच चुकीचं घातलं, चौदा वर्षं झाली."

"मग पेशंट कोण आहे?"

वत्सलाबाईंचा वारा घेणारा पदर थांबला होता. अप्पांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग शिवानीकडे. ती उभी राहिली होती.

"माझी मुलगी," अप्पा म्हणाले. "फिटची गोळी चालू हाय तिला. लहानपणापासून."

"बरं. बरोबर नाव सांगा."

"शिवानी."

तिकडून पुन्हा कुणी विचारलं नाही. तरी अप्पांनी ते दुसऱ्यांदा म्हटलं, या वेळी मोठ्याने, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.