पितळी मोहर आणि बर्फीचा डबा

मी पितळेची मोहर बोलतेय. मोहर म्हटल्यावर डोळे विस्फारू नका, सोन्याची नाही मी! वितळलेल्या लाखेवर सरकारी ठसा उमटवणारी, शिसवी मुठीची साधीसुधी मोहर.

जालन्याच्या फकरोद्दीनभाईंनी मला कोरलं. अक्षरं उलटी कोरली म्हणजे ठसा सुलटा येतो. शेवटचा हात फिरवताना ते म्हणाले, "जा बेटी, बराबर उमट." अजून आठवलं की ऊर भरून येतो.

पण सरकारी दवाखान्यात आले ती थेट खणात. तिथला शिपाई रामराव माझ्यानं सुपारी फोडायचा! अस्सा संताप व्हायचा माझा. पण माणूस मायाळू, फोडून झाली की सदऱ्याच्या टोकानं मला पुसून ठेवायचा. मग राग कसा टिकणार?

दोन हजार चार साली डॉक्टर शिवकन्या अधीक्षक म्हणून आल्या. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी, हे सांगणं गुन्हा. तसा संशय आला तर सोनोग्राफीच्या दवाखान्यात शिरून झडती घ्यायचा आणि मशीनला सील ठोकायचा अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांनी मला चिंचेनं घासलं. किती वर्षांनी कुणीतरी माझी अक्षरं वाचली.

एका दुपारी केदारखेड्याची बेबीनंदा आली. तिला चौथा महिना होता. सासूनं, साळूबाईनं, तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं होतं. तपासणीनंतर तिथला डॉक्टर काही बोलला नाही, नुसती बर्फी पुढे केली. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. सासूला काय ते कळलं. सोमवारी पोट पाडायचं ठरलं.

"मला ही लेक पायजे, मॅडम. घरी माझं कुनी ऐकून राह्यलं न्हाई," म्हणाली आणि हमसून रडली.

मॅडमनी मला पर्समध्ये टाकलं आणि रामरावला घेऊन निघाल्या.

तो डॉक्टर दारातच आडवा. "कोणाच्या परवानगीनं आलात?"

"कायद्याच्या. तुमची लागत नाही." मॅडमनी सरळ पाय आत टाकला. टेबलाच्या खणात दोन डबे निघाले, एक पेढ्यांचा, एक बर्फीचा. रामरावचा हात सवयीनं पेढ्याकडे गेला.

"रामराव! पुरावा आहे तो!"

सील करायला बाहेरचे दोन पंच लागतात. पण येणार कोण? अर्ध्या पेठेची बाळंतपणं त्याच डॉक्टरनं केलेली. पानवाल्या सर्जेरावनं तर भराभर टपरी मिटायला घेतली. तेवढ्यात समोर बांगड्या विकणाऱ्या अकबरबी उठल्या. "मी येते. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरते म्हनून गेलेल्या किती पोरी परत आल्याच न्हाईत. त्याच्या आधीच त्यांचं पोट पाडलेलं."

सर्जेराव वरमला. "बाईमानूस चालली अन् मी टपरी मिटून राह्यलो! चला, मीबी येतो."

लाख वितळली. रामरावनं मला दाबलं. चटका बसला हो, पण फकरोद्दीनभाई, तुमची शप्पथ, मी बराबर उमटले! मशीनवर उमटले, दोन्ही डब्यांवरही उमटले.

तरी जीव टांगणीलाच. मशीन बंद झालं, पण सासूला दुसरा दवाखाना सापडला तर? मॅडमनी साळूबाईला बोलावलं. "गुन्हा सुनेचा नाही, तिला नेणाऱ्यांचा आहे. आता तिला जपा. त्या बाळाला काही झालं तर जाब तुम्हाला विचारीन." साळूबाई उठून गेली. सोमवार गेला, महिने गेले. खणात पडल्यापडल्या मी कान लावून असायचे.

आणि एक दिवस साळूबाई दारात. हातात डबा.

"नात झाली. आधी तुमालाच आनली." झाकण उघडलं तर आत बर्फी.

रामरावनं हळूच विचारलं, "मॅडम, ह्यो पुरावा न्हाई ना? खाऊ का?"

मॅडम हसता हसता रडायला लागल्या.

आता माझी मूठ तडकलीय, कडा झिजल्यात. माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा लाखेला लावायची वेळ आणू नका. खुशाल सुपारी फोडा माझ्यानं. मी मुळीच रागावणार नाही.