उलटी धरलेली गिटार

मी गिटार बोलतेय. विजेवर वाजणारी, लालभडक, आणि आज भयंकर चिडलेली. गोड बोलणं ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

कारखान्यात माझी मान घासून गुळगुळीत केली, सहा तारा ताणून बसवल्या आणि खोक्यात कोंबलं. दुकानात मी अगदी दर्शनी भागात टांगलेली. येणारा जाणारा म्हणायचा, "काय रंग आहे!" कशी वाजते, हे कुणी विचारेल तर शपथ.

मग ती आली. कपडे शिवणारी बाई, पन्नाशीला टेकलेली. गिटार शिकायची हौस तरुणपणापासूनची. पण आधी सासऱ्यांचं आजारपण, मग मुलीचं शिक्षण. आता मुलीनंच "आई, आता तरी शिक" म्हणून पिच्छा पुरवला होता. सोबत दीर होता. कॉलेजात त्यानं दोन गाणी वाजवली होती, तेवढ्यावर तो उस्ताद!

"भाऊजी, मी जरा हातात घेऊन बघू का?"

"वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय? ही लाल घ्या. एकदम झकास."

"नवशिक्यांना आम्ही हीच देतो," विक्रेत्यानं री ओढली.

दोघांनी मला आलटून पालटून वाजवलं. जिला शिकायचं होतं, तिच्या हाती मात्र क्षणभरही दिलं नाही. दिलं असतं तर तिथंच कळलं असतं, बाई डावखुरी आहे.

घरी शिलाई मशीनशेजारी बसून तिनं मला मांडीवर घेतलं, ते उलटं. माझी जाड तार खाली गेली, बारीक वर आली. आवाजाचं बटण तिच्या हाताच्या धक्क्यानं फिरायचं आणि मध्येच माझी वाचा बसायची. सुलट धरलं, तर तिचा उजवा हात लाकडासारखा. मनगट सुजलं, तरी ती रोज बसायची.

दीर दारातूनच हसायचा. "या वयात बोटं वळत नाहीत हो, वहिनी. सोडा नाद."

आणि ती मान डोलवायची! याचाच मला सगळ्यात जास्त संताप. "माझ्यातच काही नाही," म्हणाली आणि मला चादरीत गुंडाळून कपाटावर टाकलं. अगं बाई, खोट तुझ्यात नव्हती! मला तोंड असतं ना, तर त्या दिराची चांगली खरडपट्टी काढली असती.

मुलगी सुट्टीला आली, तिनं मला खाली काढलं. "आई, ही उजव्या हातानं वाजवणाऱ्यांची आहे. तू कात्री कुठल्या हातात धरतेस?"

बाईनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मला उचललं. मग म्हणाली, "चल, दुकानात."

"वापरलेला माल बदलत नाही," विक्रेता म्हणाला.

"कुठल्या हातानं वाजवणार, हे विचारलं होतं तुम्ही?" बाई कडाडली.

"ताई, सगळे उजव्याच..."

"सगळे? मग मी कोण उभी आहे तुमच्यासमोर?"

विक्रेत्यानं मुकाट्यानं आतून डाव्या हाताची गिटार आणून दिली. बाईनं खुर्ची ओढली आणि तारांवरून हात फिरवला. सूर चुकले, पण हात मोकळा फिरला. ती खुदकन हसली. माझ्याकडे बघून कधी हसली नव्हती. मग त्या दुसरीला घेऊन गेली.

मी परत भिंतीवर. तिच्यावर माझा राग नाही. तुम्ही घ्यायला याल तेव्हा रंग मागाहून बघा. आधी बसा, मांडीवर घ्या, वाजवा. "तुम्हाला काय कळतंय" म्हणणारा सोबत असेल, तर त्याला बाहेर उभा करा. बोटं तुमची सोलवटणार आहेत, त्याची नाही.