तनुजाची साखर

तनुजा एकतीस वर्षांची, अंगाने काटकुळी. चाकणच्या एका कंपनीत ती गाड्यांचे सुटे भाग तपासायची. दिवाळीनंतर तिची साखर वाढलेली निघाली तेव्हा चौकातल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजरही न उचलता सांगितलं, "टाइप टू डायबेटिस. हल्ली तरुणांनाही होतो. गोळ्या घ्या, भात सोडा, चाला."

तिने भात सोडला. सुट्टीच्या दिवशी वाडीपासून भामा नदीपर्यंत चालत जायला लागली. वजन उतरत गेलं, साखर मात्र उतरेना. डॉक्टर दर वेळी गोळी वाढवायचे आणि विचारायचे, "चोरून काय खाता?" नवरा दिग्विजयही एकदा हसत हेच म्हणाला. ती हसली नाही.

पावसाळा सरता सरता तिचं जग पातळ झालं. कंपनीतल्या सरकत्या पट्ट्यावरून येणारे भाग पाण्याखालून सरकल्यासारखे दिसायचे, मासळीसारखे चमकत, कडा विरघळलेले. कुणी हाक मारली तर ती नदीपलीकडून आल्यासारखी वाटायची. बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करूनही तहान भागायची नाही. झोपेत ती एका विहिरीच्या पायऱ्या उतरत राहायची आणि पाणी एकेक पायरी खाली जायचं. भीती अशी वाटत नव्हतीच. आपण हलके हलके होत कापसासारखे उडून जाणार, एवढंच वाटायचं.

एका रविवारी सकाळी भाकरी थापता थापता ती ओट्यापाशी खाली बसली. सासू गवराबाईंनी तिचं तोंड जवळ ओढून हुंगलं.

"दिगू, हिच्या तोंडाला वास येतोय. लई पिकल्या फळावानी. आन धाप बघ कशी लागलीय."

"अशक्तपणा असेल आई. चौकातल्या डॉक्टरांकडे नेतो."

"त्याच्याकडं न्हाई न्यायचं! चोरून खाती म्हनं. वरीसभर हिचं ताट मी बघतेय. मोठ्या दवाखान्यात चल."

पिंपरीच्या रुग्णालयात दोन दिवस सलाइन आणि इन्सुलिन चालू होतं. तिसऱ्या दिवशी तनुजाला पडद्याची शिवण स्पष्ट दिसली. शेजारी डॉक्टर रुपाली उभ्या होत्या, हातात नव्या तपासण्यांचे कागद.

"तुमचा टाइप टू नव्हताच. टाइप वन आहे. तुमच्याच शरीराने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात. हा फक्त लहान मुलांना होतो असं समजतात, पण तिशीतही होतो. इन्सुलिन नसल्याने रक्तात आम्ल साठलं, त्याचाच तो वास आणि धाप. गोळ्या पुरणार नव्हत्या. इन्सुलिन लागणार, कायमचं."

दिग्विजयने मान खाली घातली. तनुजाने मात्र वेगळंच विचारलं, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"काहीच नाही."

ती तोंडावर पदर घेऊन बराच वेळ रडली. गवराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

घरी आल्यावर अंगणातल्या उन्हात पहिलं इंजेक्शन दिग्विजयनेच दिलं.

"दुखलं?"

"तुमचं ते चोरून खाण्याचं बोलणं जास्त लागलं होतं."

त्याने सुई डब्यात टाकली. मग तो तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "चुकलंच माझं." ती उठून गेली नाही.